जवळच्या बाजूची बाई

१

“जवळची बाई गेली, ओटिलीबाई! अख्खीच्या अख्खी बाई गेली!”

कपडेघराच्या दारात एमेट डॉयल उभा होता. टोपीवर बर्फ, मिशांवर बर्फ, तोंडातून वाफांचे लोट. ओटिलीबाईंच्या हातात जपमाळ होती. सकाळची माळ पुरी होईपर्यंत कोणाशी शब्द बोलायचा नाही हा त्यांचा नेम. नवरा गेला त्या सकाळीही तो त्यांनी मोडला नव्हता. त्यांनी बोटाने स्टूल दाखवलं. एमेट बसला, उठला, परत बसला. आयुष्यभर विदूषकी केलेला माणूस, नुसता बसला तरी बघणाऱ्याला हसू यावं. आज मात्र येत नव्हतं.

शेवटचा मणी सरला. क्रूसावर ओठ टेकवून ओटिलीबाईंनी माळ खिशात टाकली.

“कोण बाई?”

“वीणावाली हो! मोठ्या गाडीवरची. रात्री मी कुलूप घातलं तेव्हा होती, आता नाही. गसला कळलं तर माझं कातडं काढून ढोलाला लावेल.”

होल्टरमन सर्कशीचा हिवाळी मुक्काम विस्कॉन्सिनमधल्या या नदीकाठी पडायचा. उन्हाळाभर गावोगाव हिंडलेल्या सोनेरी गाड्या इथे लांबलचक गाडीखान्यात येऊन झोपायच्या. शिलाईच्या दोऱ्याने गळ्यात बांधलेला चश्मा सावरत, दुखरं कंबरडं सांभाळत ओटिलीबाई एमेटच्या मागोमाग निघाल्या. काल संध्याकाळी बर्फ पडायचा थांबला होता. सगळं आवार कोऱ्या चादरीसारखं पसरलं होतं.

मोठी गाडी भिंतीला लागून उभी होती. तिच्या प्रत्येक अंगाला दोन लाकडी बाया होत्या. पुढे वीणा घेतलेली, मागे गव्हाची पेंढी घेतलेली. माणसाहून मोठ्या, पाठीकडून पोखरलेल्या, समोरून सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या. या अंगाच्या बाया म्हणजे त्या अंगाच्या बायांची आरशातली प्रतिबिंबं.

ओटिलीबाई सरळ गाडी आणि भिंत यांमधल्या अरुंद बोळात शिरल्या. ताडपत्रीखाली हात घालून त्यांनी चाचपलं. वीणावालीच्या पायाची गार बोटं जागच्या जागी होती.

“एमेट, तुझ्या तोंडाला वास येतोय. बाई इथेच तर आहे.”

“अहो, तिकडे भिंतीत कुठे शिरताय? ती नाही! जवळची, जवळची!”

“मग ही कोणती आहे?”

“ही लांबची! जवळची ती, दाराकडची! बाई, प्यालोय मी, पण इतका नाही.”

ओटिलीबाई वळसा घालून आल्या. आणि थबकल्या.

बाई नव्हती, पण तिची सावली होती. इतकी वर्षं ऊन न लागलेल्या फळ्यांवर तिच्या अंगाएवढा लाल रंग ताजा राहिला होता. खांदा, कमरेचा बाक, वीणेची कमान. मधे बोल्टांची काळी भोकं.

“किल्ली कोणाकडे होती?”

हा आवाज मागून आला. गस होल्टरमन दारात उभा होता. सर्कशीच्या दोन भावांतला जिवंत राहिलेला भाऊ.

एमेटने कमरेची किल्ली हाताने झाकली, जणू तीच गुन्हेगार होती.

“शनिवारी मिल्वॉकीचा माणूस येतोय,” गस म्हणाला. “चार बाया, त्याच्या नाचघराच्या चार कोपऱ्यांना. तीनच असल्या तर तो हात लावणार नाही. ऐका सगळे!” दाराशी जमलेल्या माणसांकडे तो वळला. “बाई परत आली पाहिजे. ज्याने नेली तो शनिवारी कुंपणाबाहेर. आणि कोणी सापडला नाही तर किल्लीवाला बाहेर.”

“बाहेर म्हणजे कुठे, गस?” एमेटने विचारलं.

“बाहेर म्हणजे बाहेर.”

नदी तळापर्यंत गोठली होती. कालच तबेल्याच्या दाराशी दोन चिमण्या दगड होऊन पडल्या होत्या.

गस गेल्यावर एमेटने ओटिलीबाईंची बाही धरली. “तुमच्याशी इथे कोणी खोटं बोलत नाही. तुम्ही विचारा ना. रात्री कुलूप घालायचं आणि शेगडीशी झोपायचं, याशिवाय मला जगात काय आहे, सांगा?”

२

विदूषकाला कोणी अहोजाहो करत नाही, आणि विदूषक म्हातारा झाला की त्याच्यासाठी कोणी भांडतही नाही. ओटिलीबाईंनी चश्मा पुसला आणि गाडीखान्याला एक फेरी मारली.

पहिली गोष्ट त्यांना बाहेरच दिसली. फाटकाकडे जाणाऱ्या बर्फावर एक चरासुद्धा नव्हता. तुडवलेली वाट एकच होती, गाडीखान्यातून तबेल्याकडे जाणारी. तिथून रोज सकाळी गवताची घसरगाडी ये-जा करायची. म्हणजे बाई आवारातच होती.

दुसरी गोष्ट गाडीच्या पोटात. नटबोल्ट आतून सोडवायचे असतात, आणि आत तंबूचे खांब भरलेले होते. चोराने ते बाजूला काढून परत नीट रचून ठेवले होते. घाईतला माणूस असं करत नाही.

तिसरी गोष्ट वर. छताच्या तुळईवर दोर घासल्याची खूण होती, तिच्याशेजारी पांढरे ठिपके. ओटिलीबाईंनी शिडीवर चढून बोट लावलं. हिम असतं तर विरघळलं असतं. हे विरघळलं नाही.

“काय खरवडताय मावशी, साखर आहे का?”

खाली अंतोन ह्रुस्का उभा होता, रंगारी. हिवाळाभर वर्ख चढवायचा, भेगा बुजवायच्या, घोड्यांच्या नाकपुड्या लाल करायच्या, ही त्याची कामं. बाया कोरणाऱ्या म्हाताऱ्या वॅलेंटिनच्या हाताखाली तो शिकला होता.

“अंतोन, मागच्या आठवड्यात खानावळीत तू काय म्हणाला होतास?”

“म्हणालो होतो की त्या नाचघरात बाया लटकवण्यापेक्षा मी त्यांना नदीत सोडेन. आजही म्हणतो. लोक त्यांच्या गुडघ्यावर सिगारेटी विझवणार हो!”

“मग सोडलीस?”

“कुठे सोडू? नदीवर आता हत्ती नाचवला तरी बर्फ फुटणार नाही.” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “मी नेली असती तर चारही नेल्या असत्या मावशी. वॅलेंटिन मास्तरांनी त्या एकत्र घडवल्यात. एकीला नेऊन तिघींना मागे ठेवायचं पाप मी करीन?”

ओटिलीबाईंना ते पटलं. पण शिडीवरून उतरता उतरता एक प्रश्न त्यांच्या पदरात येऊन पडला तो पडलाच.

दोन्ही अंगांच्या वीणावाल्या एकसारख्या. भिंतीकडची नेली असती तर शनिवारपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं. तिच्यावर ताडपत्री होती, तिकडे कोणी फिरकत नव्हतं. चोराने मग दाराकडची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची का नेली?

ज्याला कोणतीही वीणावाली चालली असती, त्याने ती दुसरी नेली असती. याला एकच हवी होती.

३

तबेल्यावरच्या खोलीत कॉनराड फेसलर राहायचा. एकेकाळी त्या मोठ्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांचे सगळे लगाम त्याच्या दोन मुठींत असायचे. आता मिरवणुका बंद झाल्या होत्या. रस्ते मोटारींना हवे होते. घोडे विकले गेले, त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, आणि खाली उरलेल्या चार-दोन घोड्यांची ऊब फळ्यांतून वर येते म्हणून त्याला तिथे राहू दिलं होतं.

ओटिलीबाई वर्षानुवर्षं त्याला मान लववून पुढे जात आलेल्या. त्याच्या खोलीत त्या पहिल्यांदाच आल्या.

“पायरी तिसरी सैल आहे,” आतून आवाज आला. “तुमचं कंबरडं सांभाळा, ओटिलीबाई.”

“माझी चाल ओळखलीत?”

“एक पाय टेकतो, दुसरा विचार करतो. आवारात असं कोण चालतं दुसरं?”

खाटेवर तो ताठ बसला होता. हातात चामड्याचा जुना पट्टा, त्याला तेल चोळणं चाललं होतं. खाटेमागे, भिंतीशी, घोड्याच्या घोंगडीने झाकलेलं काहीतरी उभं होतं. लगामांचा ढीग असेल, असं ओटिलीबाईंना वाटलं. अंधार होता. बशीत अर्धवट सूप गार झालं होतं.

“जेवत नाही तुम्ही.”

“जिल्दा आणते. झुल्यावरची पोरगी ती. मीठ घालायला विसरते बिचारी, पण आणते.” त्याचे हात चालूच होते. “एमेटबद्दल आलात ना? त्याने काही केलेलं नाही.”

“कोणी केलंय?”

“मला डोळे कुठे आहेत सांगायला?”

हे उत्तर नव्हतं. ओटिलीबाईंनी सुपाची बशी उचलून बाजूला ठेवली. खाली एक घोडा खूर आपटत होता.

“गस म्हणतो वीणावाली गेली,” शेवटी कॉनराडच बोलला.

“हो. लांबच्या बाजूची.”

तेल लावणारे हात थांबले.

“कुठली म्हणालात?”

“लांबच्या बाजूची. जवळच्या बाजूची आहे तशीच आहे. मी स्वतः तिचे पाय चाचपले.”

कॉनराडच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरून गेलं, जसं भांड्याला तडा गेला की पाणी आवाज न करता निघून जातं. त्याने मान वळवली. बघत होता ती घोंगडी की नुसता अंधार, कळेना.

“अस्सं,” तो म्हणाला. आणि मग हसला. ते हसू ऐकून ओटिलीबाईंना तिथे बसवेना.

४

दुपारी त्या हौदाकडे गेल्या. जिल्दा घोड्याला पाण्यावर आणत होती. ही इटालियन पोर शरद ऋतूत बापाचं बोट सुटून एकटी राहिलेली. बाप झुल्यावरून पडला तेव्हा खाली जाळी होती, पण हृदय जाळीत पोचण्याआधीच थांबलं होतं. तेव्हापासून आवारात तिला एकच आसरा होता, तो आंधळा म्हातारा.

तिचे तळहात रापलेले, रेषांत पांढरी पूड बसलेली. झुल्याची पकड सुटू नये म्हणून चोळतात ती. धुतली तरी जात नाही.

ओटिलीबाईंनी ते पाहिलं. तुळईवर दोर टाकून, कप्पी लावून, एकटीने एवढी जड बाई अलगद उतरवणं हे दुसऱ्या कोणाला जमणार होतं? रोज वर चढून स्वतःचं अंग दोराच्या भरवशावर सोडणाऱ्यालाच. विचारायचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, इतक्यात घोडा बिथरला.

“अगं, त्या बाजूने नको! जवळच्या बाजूने जा!”

“जवळच्याच तर बाजूने चाललेय, मावशी!”

“ती लांबची बाजू! बावरतो तो. जवळच्या बाजूला ये!”

“मी जिथे उभी आहे ती लांबची कशी असेल?” जिल्दा रडकुंडीला आली. “मला हात लावता येतोय की!”

ओटिलीबाईंच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

घोड्याची डावी बाजू म्हणजे जवळची. तिकडूनच चढायचं, तिकडूनच लगाम धरायचा, तिकडूनच जुंपायचं. उजवी ती लांबची. घोड्याची जशी, तशीच गाडीचीही. बघणारा कुठेही उभा असो, गाडी भिंतीला चिकटलेली असो की मैदानात, डावी ती जवळची. वयाच्या सातव्या वर्षी ओटिलीबाई घोड्यावर बसल्या तेव्हापासून हे त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की त्याला दुसरा अर्थ असू शकतो हे कधी मनात आलं नव्हतं. सकाळी एमेट कानीकपाळी ओरडला तरी त्यांनी त्याच्या तोंडाचा वास काढला.

विदूषक घोड्यांत वाढलेला नसतो. झुल्यावरची पोरही नसते.

कोणीतरी घोडेवाल्याने या पोरीला सांगितलं होतं: जवळच्या बाजूची वीणावाली. आणि पोरीने इमानेइतबारे आणली ती, जी तिला जवळ दिसली.

“जिल्दा,” ओटिलीबाई हलकेच म्हणाल्या, “चुकीची बाई आणलीस गं.”

पोरीच्या हातातून बादली पडली.

“मला वाटलं... मावशी, आजोबांना ताप होता. म्हणाले, शनिवारी ती जाणार, त्याआधी एकदा हाताने बघू दे. एमेटकाका घोरत होते, त्यांच्या कमरेची किल्ली घेतली आणि परत अडकवली; घसरगाडीवरून तिला तबेल्यात आणलं, दोराने वर ओढलं. नंतर ठेवते ना परत, म्हटलं मी. पण हात फिरवून म्हणाले, राहू दे दोन दिवस. वर्ख फार जाड चढलाय, म्हणे, काही कळत नाही. ती त्यांची मेलेली बायको असणार, हो ना?”

“कॉनराडने कधी लग्न केलं नाही,” ओटिलीबाई म्हणाल्या.

मग भिंतीकडच्या बाईत असं काय होतं?

अंतोन गाडीखान्यातच होता. ओटिलीबाईंनी त्याला ताडपत्री ओढायला लावली. भिंतीच्या फटींतून दुपारचा उजेड आत पडत होता.

“हिला काय बघताय मावशी? हिच्यात मास्तरांची खोड राहिलीय,” अंतोन म्हणाला. “बाकी तिघी बिनचूक. हिच्याच डाव्या कानाच्या पाळीला भेग. दर हिवाळ्यात मी लांबी लावून ती बुजवायला जायचो आणि दर हिवाळ्यात तो कॉनराड चाबूक घेऊन अंगावर यायचा. हात लावशील तर खबरदार! आता सांगा, आंधळ्याला भेगेचं एवढं काय?”

ओटिलीबाईंचा हात आपोआप वर गेला. केसांखाली, डाव्या कानाशी.

“मला चाकावर चढव,” त्या म्हणाल्या.

५

चाकाच्या तुंब्यावर उभं राहून, एका हाताने वीणेची कमान धरून त्या लाकडी चेहऱ्यासमोर आल्या.

एका उन्हाळ्यात वॅलेंटिन सर्कशीबरोबर फिरत होता. घोडेस्वार पोरींना एकेक करून बादलीवर बसवायचा आणि कागदावर रेघोट्या ओढायचा. कोणाचं नाक, कोणाचा खांदा, हवं तेवढं घेतो, म्हणायचा. ओटिलीच्या कानातली बाळी आदल्याच दिवशी घोड्याच्या आयाळीत अडकून पाळी फाटली होती. ती रडवेली होऊन बसली होती. त्यानंतरच्या महिन्यातच ती पडली. कंबर मोडली, घोडा सुटला, हाती सुई आली. मिरवणूक पाहायला ती पुन्हा कधी रस्त्यावर उभी राहिली नाही. आणि जेव्हा स्वतः मिरवणुकीत होती तेव्हा तर पुढेच असायची. मिरवणुकीत मागे वळून बघणं अशुभ.

हिवाळ्यात गाडीचं हे अंग भिंतीकडे.

वर्खाखालून, बावीस-तेवीस वर्षांची, कपाळाला आठी घातलेली, रडू दाबणारी ओटिली तिच्याकडे बघत होती. पेन्सिल सोडून कोणाकडे तरी लाजून बघावं तसे डोळे थोडे बाजूला वळलेले. त्या दिवशी तिकडे घोड्यांची रांग होती, आणि रांगेपाशी एक गाडीवान उभा होता.

ओटिलीबाई बराच वेळ खाली उतरल्या नाहीत. खालून अंतोन विचारत होता, मावशी, चक्कर आली का?

६

संध्याकाळी जेवणाच्या घंटेला सगळे खानावळीत जमले. बटाट्याचं सूप, राय धान्याचा पाव, आंबट कोबी. गस टेबलाच्या डोक्याशी. एमेट दारापाशी, जणू आतापासूनच बाहेर पडायची सवय करत होता. त्याने आपलं गाठोडं बांधून ठेवल्याचं कोणीतरी कुजबुजलं.

“सापडली का, ओटिलीबाई?” गसने विचारलं.

“सापडली. उद्या सकाळी जागेवर असेल. खरचटलेलीही नाही.”

“कोणी नेली होती?”

“एकाने मागितली, दुसऱ्याने आणली. एमेट यांत कुठेच नाही.” त्यांनी सावकाश सगळं उलगडलं. बर्फावर चरा नव्हता. खांब रचून ठेवले होते. दोर होता. आणि दोन अंगांच्या दोन सारख्या बायांतली नेमकी डोळ्यांसमोरची नेली होती. “सांगणारा घोड्यांत वाढलेला, ऐकणारा घोड्यांत न वाढलेला. सांगितली जवळची म्हणजे डावी, ऐकली जवळची म्हणजे दाराकडची. चोरी करायची असती तर ताडपत्रीखालची नेली असती, शनिवारपर्यंत कोणाला कळलंही नसतं. नेणाऱ्याला ती परत ठेवायची होती.”

“नावं?”

“नावं सांगणार नाही. खोटंही सांगणार नाही. एमेट निर्दोष आहे, एवढं मी शपथेवर सांगते.”

“मी सगळ्यांसमोर बोललोय, बाई. जो असेल तो बाहेर. नाव नाही तर एमेट.”

“मी!” जिल्दा उभी राहिली. सुपाचा वाडगा कलंडला. “मी नेली. मला काढा.”

“ती खाली बसेल,” दारातून आवाज आला.

कॉनराड फेसलर या हिवाळ्यात पहिल्यांदाच जिना उतरून आला होता. बर्फातून, काठीने चाचपत, कोणाचा हात न धरता. एमेटने धावत जाऊन त्याला आधार दिला.

“मी मागितली, गस. मी शब्द टाकला तेव्हा ती पोर नाही म्हणू शकली नाही. आणि जवळची कुठली, लांबची कुठली, हे तिला शिकवायला घोडे तरी कुठे ठेवलेस तू?”

“कशासाठी, म्हाताऱ्या?” गसचा आवाज उतरला होता. “लाकडाची बाई. कोणाचा चेहरा आहे असा तिच्यावर?”

“तिला विकणाऱ्याने ते विचारू नये.”

ओटिलीबाई आपल्या वाडग्याकडे बघत राहिल्या. कान केसांखाली जळत होता.

गसने चमचा खाली ठेवला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. पण मोठा भाऊ गेल्यापासून सर्कस सांभाळणारा एकटा माणूस होता, आणि एकट्या माणसाला आपला शब्द फिरवायची फार भीती वाटते.

“सगळ्यांनी ऐकलंय मी काय बोललो ते,” तो म्हणाला. “शनिवारी, कॉनराड.”

“अरे, मला काढ की!” एमेट ओरडला. “माझं गाठोडं बांधून तयार आहे!”

“तुला बाहेर कोण ठेवून घेईल?” कॉनराड म्हणाला. “शेगडीशी जा. घोरत पड.”

७

शनिवारी मिल्वॉकीची मालमोटार आली. बाया गवतात गुंडाळून, पाठीवर झोपवून, दोरांनी बांधल्या. अंतोनने चौघींच्या तोंडावर आपल्या हाताने गोणपाट घातलं. जिल्दा तबेल्याच्या कौलाखाली उभी राहून रडली. चाकांनी कोऱ्या बर्फात दोन ओळी ओढल्या आणि वळणापाशी त्या नदीच्या धुक्यात शिरल्या.

ओटिलीबाईंचं घर कुंपणाबाहेर होतं, स्टेशनच्या वाटेवर. दोन खोल्या, नवऱ्याने, जोसेफ ब्रांटने, बांधलेल्या. त्याचं पितळी वाद्य भिंतीवर होतं, आणि टेबलावर रोज एकच ताट वाढलं जायचं, एका कोपऱ्यात, म्हणजे बाकीचं टेबल रिकामं दिसत नाही. त्या अंगणाच्या फाटकाशी उभ्या होत्या. काठीचा आवाज आला.

कॉनराडच्या पाठीवर पत्र्याची पेटी होती. जिल्ह्याच्या निराधारगृहात म्हाताऱ्यांसाठी खाटा असतात, तिकडची गाडी त्याला पकडायची होती. एमेट बरोबर यायला निघाला होता, त्याला त्याने अर्ध्या वाटेतून परत पाठवलं होतं.

“ओटिलीबाई?”

“मीच.”

“गेली का?”

“गेली. आत्ताच.”

तो उभा राहिला. “कशी दिसत होती?”

“तुम्ही पाहिलंय की तिला.”

“अलीकडे नाही. या डोळ्यांना वर्खाची नुसती चकाकी कळायची. मग तीही कळेना.”

“रडवेली होती,” ओटिलीबाई म्हणाल्या. “बादलीवर बसवलं होतं तिला. हलू नकोस म्हणून दटावलं होतं. कान ठणकत होता. आणि ती कागदाकडे बघायचं सोडून घोड्यांकडे बघत होती.”

कॉनराडने टोपी काढली. वाऱ्यात त्याचे विरळ केस उभे राहिले.

“घोड्यांकडे,” तो म्हणाला.

“म्हणायला घोड्यांकडे.”

दूर हत्तीखान्यात साखळी वाजली.

“बोलायला हवं होतं मी,” शेवटी तो म्हणाला.

“तेव्हा जोसेफ होता.”

“तेव्हा ब्रांट होता. नंतर तो नव्हता. पण तोवर न बोलायची सवय लागून गेली होती.”

“मलाही,” ओटिलीबाई म्हणाल्या.

स्टेशनाकडून गाडीची पहिली शिटी आली. कॉनराडने पेटीचा पट्टा सावरला, वाटेकडे तोंड केलं. ओटिलीबाईंनी फाटक उघडलं. बिजागरी गोठली होती, जोर लावावा लागला.

“फादर ग्रेबना मी सकाळी प्रार्थनेनंतर विचारून आलेय,” त्या म्हणाल्या. “जोसेफच्या खोलीत खाट आहे. ते म्हणाले, ख्रिस्ताने परक्याला घरात घ्या म्हटलंय, त्याचं वय आणि लग्नाचं वगैरे काही विचारायला सांगितलेलं नाही.”

“गाव बोलेल.”

“एमेट म्हणतो, गाव बोलून बोलून आता कंटाळलंय. त्याला नवीन काहीतरी लागतंच.”

कॉनराड हलेना. बर्फाचे कण त्याच्या पापण्यांवर बसत होते आणि तो ते पुसत नव्हता.

“मी ओझं होईन, ओटिलीबाई.”

“सूप आहे. कालच्या शुक्रवारचं, बिनमांसाचं. मीठ मात्र घातलंय.” त्यांनी त्याच्या हातातली काठी हलकेच घेतली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. दुसरी शिटी झाली. तिकडे लक्ष न देता त्यांनी त्याला उंबरठ्याच्या आत आणलं. “ये, कॉनराड. दार लाव तुझ्या मागे. थंडी आत येतेय.”